कर्करोगाच्या फायलीत नसलेला डॉक्टर

शासनव्यवहारात एक अलिखित नियम आहे. ज्या गोष्टीला लेखाशीर्ष नाही, ती गोष्ट शासनाच्या लेखी अस्तित्वातच नसते. अर्थसंकल्पाच्या मागण्यांवर काही वर्षे काम केलेला कोणताही अधिकारी हे सांगू शकेल. भारतातील कर्करोग नियंत्रणाचा गेल्या आठ दशकांचा इतिहास वाचताना मला हा नियम वारंवार आठवला. या इतिहासात रुग्णालये आहेत, यंत्रे आहेत, संस्था आणि तज्ज्ञ आहेत. आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर बसणारा फॅमिली डॉक्टर मात्र त्यात जवळजवळ कुठेच दिसत नाही.

रुग्ण मात्र पहिल्यांदा जातो तो त्याच्याकडेच. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या फेरीनुसार, रुग्णालयात दाखल न होता उपचार घेतलेल्या दर १०० आजारांपैकी सुमारे ४३ आजारांत लोक खासगी डॉक्टरकडे किंवा दवाखान्यात गेले होते. सरकारी रुग्णालये व केंद्रे यांचा वाटा सुमारे ३० होता. म्हणजे छातीतली गाठ, तोंडातले न भरणारे छाले, पाळी थांबल्यानंतरचा रक्तस्राव या तक्रारी प्रथम ज्याच्या कानावर पडतात, तो अनेकदा हाच डॉक्टर असतो. दुसरीकडे, राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालात असे दिसते की, स्तनाच्या कर्करोगाचे ५७ टक्के, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे ६० टक्के आणि डोके-मानेच्या कर्करोगाचे सुमारे दोन तृतीयांश रुग्ण, रोग आसपासच्या भागात पसरल्यानंतर रुग्णालयात पोहोचले. २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १४ लाख ६० हजार नवे रुग्ण झाले असावेत, असा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा अंदाज आहे. पहिली तक्रार आणि रुग्णालयाची पायरी यांच्यामध्ये जो काळ हरवतो, तो कुणाच्या फायलीत मोजला जातो, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. त्याचे उत्तर शोधायचे तर थोडे मागे जावे लागेल.

मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालयाचे उद्घाटन २८ फेब्रुवारी १९४१ रोजी झाले. सर दोराबजी टाटा ट्रस्टने उभारलेल्या या रुग्णालयात तेव्हा ८० खाटा होत्या. १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ते ताब्यात घेतले आणि १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे गेले. किरणोपचारांचा अणुविज्ञानाशी असलेला संबंध पाहता या निर्णयामागे दूरदृष्टी होती, हे मान्य करावे लागेल. परंतु त्याचबरोबर एक मनोभूमिकाही तयार झाली. कर्करोग म्हणजे मोठी संस्था, अवजड यंत्र आणि दुर्मिळ तज्ज्ञ, हे समीकरण प्रशासनाच्या मनात पक्के बसले.

याच काळात सामान्य डॉक्टरांविषयीचे धोरणही आकार घेत होते. १९४३ मध्ये नेमलेल्या भोर समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला. त्या काळी ब्रिटिश हिंदुस्थानातील सुमारे ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टरांपैकी जवळजवळ ३०,००० हे पदवीधर नसलेले लायसेन्शिएट होते. तालुक्याच्या गावी, बाजारपेठेत दवाखाना थाटून बसलेला डॉक्टर बहुधा याच वर्गातला असे. समितीने हा अभ्यासक्रम बंद करून एकाच दर्जाचा, साडेपाच वर्षे शिकलेला ‘मूलभूत डॉक्टर’ घडवावा असे सुचवले. काही सदस्यांनी भिन्नमत नोंदवले, पण धोरण बहुमताचे ठरले. समितीच्या स्वप्नातला हा डॉक्टर पगारी, सरकारी आणि खासगी व्यवसाय न करणारा होता. स्वप्न उदात्त होते. परंतु त्यात अस्तित्वात असलेल्या खासगी फॅमिली डॉक्टरला हाताशी धरण्याची कल्पना नव्हती. कालांतराने सरकारी केंद्रांनी त्याची जागा घ्यावी, असा हिशेब होता. जागा घेतली गेली नाही, आणि हाताशी धरणेही राहून गेले.

याला एक उल्लेखनीय अपवाद सापडतो. कर्मचारी राज्य विमा योजना १९५४ मध्ये मुंबईत लागू झाली, तेव्हा तेथील गिरणी कामगारांसाठी खासगी डॉक्टरांचे पॅनेल करण्यात आले. कामगाराने आपल्या वस्तीतला डॉक्टर निवडायचा आणि योजनेने त्या डॉक्टरला नावावरील कामगारांच्या संख्येनुसार मोबदला द्यायचा, अशी ती पद्धत होती. तिच्यात दोष नव्हते असे नाही. पण शासन खासगी फॅमिली डॉक्टरशी करार करू शकते, त्याच्यासाठी लेखाशीर्ष उघडू शकते, हे तिने सिद्ध केले होते. कर्करोगाच्या बाबतीत हा धडा कुणी गिरवला नाही.

राष्ट्रीय कर्करोग नियंत्रण कार्यक्रम १९७५-७६ मध्ये सुरू झाला. प्रमुख संस्थांना सज्ज करणे याला त्यात प्राधान्य होते आणि कोबाल्ट यंत्राच्या खरेदीसाठी प्रत्येक संस्थेला अडीच लाख रुपयांचे केंद्रीय साहाय्य देण्यात येई. आज या गोष्टीवर टीका करणे सोपे आहे. पण तेव्हा देशात किरणोपचाराची यंत्रे खरोखरच अपुरी होती, आणि यंत्र नसेल तर वेळेवर निदान होऊन तरी रुग्णाने जायचे कुठे? शिवाय प्रशासनाच्या दृष्टीने यंत्राचे काही गुण असतात. त्याची किंमत ठरलेली असते, खरेदीची निविदा काढता येते, उपयोगिता प्रमाणपत्र मागता येते, आणि लेखापरीक्षकाला ते डोळ्यांनी दाखवता येते. एखाद्या डॉक्टरने तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही म्हणून रुग्णाला वेळीच पुढे पाठवले, तर त्या कृतीचे उपयोगिता प्रमाणपत्र कोण देणार? १९८४-८५ मध्ये कार्यक्रमाची फेररचना होऊन प्रतिबंध आणि लवकर निदान यांवर भर आला. १९९०-९१ मध्ये जिल्हा कर्करोग नियंत्रण योजनाही आली. उद्दिष्टांची भाषा बदलली, मात्र पैसा बव्हंशी संस्थांमार्फतच वाहत राहिला.

या प्रवाहाबाहेर काही ठिकाणी वेगळे प्रयोग झाले, आणि त्यातला एक आपल्या बार्शीचा आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. शहरातली नोंदणी रुग्णालयांच्या कागदपत्रांवर चालते. येथे रुग्ण रुग्णालयात येतच नसल्यामुळे नोंदणीचे कर्मचारी गावोगाव जाऊन सरपंच, शिक्षक, गावकरी यांच्याशी बोलत, लक्षणे समजावून सांगत आणि संशयित व्यक्तीला तपासणीसाठी आणत. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागले. हा निष्कर्ष १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कोणतेही नवे यंत्र न आणता, केवळ माहिती आणि विश्वासाचा माणूस यांच्या बळावर हा फरक पडला होता.

पुढच्या काळात याहून मोठे पुरावे हाती आले. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी तोंडाची तपासणी केली. तंबाखू अथवा मद्य सेवन करणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले, असे २००५ मध्ये जाहीर झाले. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात, एचपीव्ही चाचणीच्या एकाच फेरीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तो निष्कर्ष २००९ चा. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत वस्तीतल्याच प्रशिक्षित स्त्रियांनी केलेल्या व्हिनेगर-तपासणीमुळे त्याच कर्करोगाच्या मृत्यूंत ३१ टक्के घट झाली. माणूस जवळचा असेल, काम नेमके असेल आणि शिकवण पुरेशी असेल, तर तज्ज्ञाच्या अनुपस्थितीतही जीव वाचतात, हा या तिन्ही अभ्यासांचा सारांश आहे. मात्र या सर्व प्रयोगांत जवळचा माणूस प्रकल्पाने नेमलेला होता. प्रकल्प संपला की तो जातो. फॅमिली डॉक्टर त्याच जागी राहतो.

आता या इतिहासातील सर्वांत क्लेशदायक प्रकरणाकडे वळतो, कारण डॉक्टरला ‘पाठबळ’ देणे म्हणजे काय, हे त्यावरून नीट कळते. भारत हा कायदेशीर अफू पिकवणारा जगातील प्रमुख देश. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश येथे परवान्याने अफूची शेती होते. नीमच आणि गाझीपूर येथे तिचे सरकारी कारखाने आहेत. तिच्यावर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय कार्यालयाचे मुख्यालय ग्वाल्हेरला आहे, हे तेथील मराठी वाचकांना माहीत असेलच. अफूपासून मॉर्फिन मिळते, आणि कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यायचे मॉर्फिन हे स्वस्त व परिणामकारक औषध आहे. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वेदनाशमनाची जी तीन पायऱ्यांची शिडी सांगितली, तिची वरची पायरी हीच.

पण त्याच्या आदल्याच वर्षी, १९८५ मध्ये, आपल्याकडे अमली पदार्थविरोधी कायदा संमत झाला होता. तस्करी रोखणे हा त्याचा हेतू योग्यच होता. मात्र कठोर किमान शिक्षा आणि प्रत्येक राज्याचे वेगवेगळे नियम यांमुळे मॉर्फिन बाळगणे डॉक्टरला व औषधविक्रेत्याला धोक्याचे वाटू लागले. रुग्णालयाला ते मागवायचे तर चार-पाच परवाने लागत, निरनिराळ्या खात्यांकडून, आणि ते सगळे एकाच वेळी वैध असावे लागत. एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हाती येत नसे. परिणाम असा की, देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर १९८५ नंतरच्या बारा वर्षांत सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला आणि १९९७ मध्ये अवघ्या १८ किलोवर आला. एवढ्या मोठ्या देशासाठी अठरा किलो! वैद्यकीय महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या डॉक्टरांच्या एका पिढीने हे औषध वापरताना कधी पाहिलेच नाही. नियम पुढे सैल झाले, तरी हाताची गेलेली सवय परिपत्रकाने परत येत नाही.

ही कोंडी फुटली ती केरळात. कोझिकोडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचा दवाखाना सुरू केला. रुग्णाला मॉर्फिनच्या गोळ्या घरी न्यायला दिल्या तर त्या काळ्या बाजारात जातील, ही शासनाची भीती होती. तेथील सतराशेहून अधिक रुग्णांची दोन वर्षांची नोंद २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. औषध अन्यत्र वळल्याचे एकही उदाहरण त्यात आढळले नाही. दरम्यान १९९८ मध्ये केंद्रीय महसूल विभागाने राज्यांना सोपे नमुना नियम पाठवले होते. केरळने ते स्वीकारले. अनेक राज्यांत ते वर्षानुवर्षे पडून राहिले. २००८ मध्ये परिहारक उपचारांचे, म्हणजे रोग बरा होण्याजोगा नसला तरी रुग्णाचा त्रास हलका करणाऱ्या सेवेचे, अधिकृत धोरण जाहीर करणारे केरळ हे देशातले पहिले राज्य ठरले. तेथे पंचायतीच्या पातळीवर प्रशिक्षित परिचारिका घरी जाते आणि स्थानिक डॉक्टर तिच्या पाठीशी असतो. अखेर २०१४ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. आवश्यक मादक औषधांसाठी देशभर एकसारखे नियम आणि मान्यताप्राप्त संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाकडून एकच मंजुरी, अशी व्यवस्था झाली. १९८५ ते २०१४ म्हणजे एकोणतीस वर्षे. या काळात जे रुग्ण वेदनेने तळमळत गेले, त्यांच्यापैकी कितीकांच्या उशाशी त्यांचा फॅमिली डॉक्टर बसलेला असेल. त्याच्याकडे सदिच्छा होती. परवानगी, औषध आणि प्रशिक्षण नव्हते.

फॅमिली डॉक्टरला मोठी भूमिका देणे धोक्याचे नाही का, असा आक्षेप घेतला जातो. तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. निदानातला बराचसा विलंब डॉक्टरांच्या दवाखान्यातच होतो, हेही खरे आहे. तोंडातल्या जखमेवर महिनोन्महिने मलम आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या जातात. पण याचे एक कारण संख्येत आहे. कर्करोग हा सामान्य डॉक्टरच्या दृष्टीने दुर्मिळ रोग आहे. इंग्लंडसारख्या देशात, जेथे रोगाचे प्रमाण आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त आहे, तेथेही पूर्णवेळ काम करणाऱ्या डॉक्टरला वर्षाकाठी साधारण आठच नवे रुग्ण भेटतात. हजारो खोकल्यांतून एक वेगळा खोकला ओळखायचा, तर हुशारीबरोबर एक ठरलेली पद्धत लागते. म्हणूनच १९९५ च्या कॅल्मन-हाइन अहवालाने इंग्लंडच्या कर्करोग सेवेची तीन स्तरांत मांडणी करताना प्राथमिक डॉक्टरला पहिल्या स्तरावर ठेवले, आणि पुढे संशयित रुग्णाला दोन आठवड्यांत तज्ज्ञाची भेट मिळावी असा दंडक घालण्यात आला.

उपचारांनंतरच्या देखरेखीबाबत कॅनडाचा एक अभ्यास बोलका आहे. लवकरच्या अवस्थेतील स्तनाच्या कर्करोगाचे उपचार पूर्ण झालेल्या ९६८ स्त्रियांची दोन गटांत विभागणी करून, एका गटाची देखरेख फॅमिली डॉक्टरांकडे आणि दुसऱ्याची कर्करोग केंद्राकडे ठेवली. २००६ मध्ये निष्कर्ष आले. रोग उलटण्याशी संबंधित गंभीर घटना फॅमिली डॉक्टरांच्या गटात ३.५ टक्के आणि तज्ज्ञांच्या गटात ३.२ टक्के, म्हणजे व्यवहारात सारख्याच. या फॅमिली डॉक्टरांना काय दिले होते? काय पाहावे आणि काय आढळल्यास परत पाठवावे हे सांगणारे एका पानाचे मार्गदर्शन, आणि केंद्राकडे परतीची मोकळी वाट. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला यात एक साधे तत्त्व दिसते. तज्ज्ञाचा तास ही सर्वांत दुर्मिळ वस्तू आहे. जे काम दुसरा तितक्याच सुरक्षितपणे करू शकतो, त्यावर ती खर्च करणे म्हणजे रांगेतल्या नव्या रुग्णाचा वेळ खर्च करणे होय.

आपल्याकडे २०१० पासून कर्करोग, मधुमेह, हृदयरोग व पक्षाघात यांसाठी एकत्रित राष्ट्रीय कार्यक्रम आहे. २०१२ मध्ये राष्ट्रीय कर्करोग ग्रिड स्थापन झाले. आज त्यात ३०० हून अधिक केंद्रे आहेत. २०१६ मध्ये तिशीपुढील सर्वांसाठी तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या तपासणीची रूपरेषा आली. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेने गरीब कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण दिले. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची दिवसभराची उपचार केंद्रे उघडण्याची घोषणा झाली. ही सर्व पावले स्वागतार्ह आहेत. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांचे प्रमाण १.९ टक्के आणि स्तनांच्या तपासणीचे ०.९ टक्के इतकेच आढळले. दर १०० पैकी ४३ आजारांत लोक ज्याच्याकडे जातात, त्याला वगळून ही दरी भरता येईल असे मला वाटत नाही.

मार्ग नाही असे नाही. क्षयरोगाच्या बाबतीत शासनाने तो काढला आहे. २०१२ मध्ये खासगी डॉक्टरांना क्षयरुग्णाची नोंद कळवणे बंधनकारक झाले, आणि पुढे नोंदीसाठी ५०० रुपये व उपचारांचा निकाल कळवल्यावर आणखी ५०० रुपये देण्याची तरतूद झाली. म्हणजे खासगी डॉक्टरसाठी लेखाशीर्ष उघडता येते. कर्करोगासाठी माझ्या मते चार गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, प्रत्येक डॉक्टरच्या टेबलावर मराठी, हिंदी, कन्नड अशा त्या त्या भाषेतले एक पान : कोणत्या तक्रारीला किती आठवडे थांबायचे आणि मग कुठे पाठवायचे. दुसरी, त्याच्या चिठ्ठीला जिल्हा रुग्णालयात ठरलेल्या दिवसांत तपासणीची हमी. तिसरी, उपचार घेऊन परतणाऱ्या रुग्णाबरोबर त्या डॉक्टरच्या नावे पत्र. केमोथेरपीनंतर आलेला ताप ही तातडीची बाब असते आणि तापाच्या गोळीवर दोन दिवस काढणे जिवावर बेतू शकते, हे गावच्या डॉक्टरला डिस्चार्ज कार्डातल्या संक्षेपांवरून कळणार नाही. ते त्याला सरळ वाक्यात, दूरध्वनी क्रमांकासह लिहून द्यायला हवे. चौथी, वेदनाशमनाचे प्रशिक्षण आणि मॉर्फिन मिळण्याचे जिल्ह्यातले जवळचे ठिकाण. या चारही गोष्टींना मिळून एका आधुनिक किरणोपचार यंत्राच्या किमतीचा अंश पुरेल.

परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा विषय दूरचा वाटू नये. आपण इंदूर, दिल्ली, बंगळूर किंवा त्याहून लांब. आईवडील बहुधा मिरज, अकोला, चाळीसगाव अशा गावी. शस्त्रक्रियेच्या वेळी रजा काढून आपण जातो, मोठे रुग्णालय निवडतो, पैशांची सोय करतो. रजा संपल्यावर जे महिने उरतात, त्यांत रात्री दार ठोठावता येते ते तिथल्या डॉक्टरांचेच. मोठ्या रुग्णालयातून निघताना ‘आमच्या गावच्या डॉक्टरांसाठी एक पत्र द्या’ एवढे आपण आवर्जून मागावे. नियम होईपर्यंत मागणी तरी नोंदली जाईल. पुरेशा मागण्या नोंदल्या गेल्या की फाईल उघडते, हाही शासनव्यवहारातला माझा अनुभव आहे.